योगाला नोंदवहीत आणणारे स्वामी

लोणावळ्याचे नाव निघाले की शहरी माणसाला चिक्की, भुशी धरण आणि पावसाळ्यातील वाहनांच्या रांगा आठवतात. मावळातील याच गावात, वळवण भागात, ऑक्टोबर १९२४ पासून एक वेगळेच काम चालत आले आहे. उड्डियान, नौली, सर्वांगासन यांसारख्या क्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे उपकरणांनी मोजायचे आणि मोजलेले सारे लिहून ठेवायचे, असे त्या कामाचे स्वरूप. ‘कैवल्यधाम’ या संस्थेच्या रूपाने ते सुरू करणारे स्वामी कुवलयानंद योगगुरू म्हणून ओळखले जातात. ती ओळख खरी असली तरी अपुरी आहे. गुरूने सांगितले आणि शिष्याने मानले, या परंपरेत वाढलेल्या विद्येला त्यांनी तक्ते, आलेख आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रांची शिस्त लावली, हे त्यांचे खरे वेगळेपण.

आज रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची तक्रार, तपासणी, निदान, उपचार आणि परिणाम यांची नोंद ठेवली जाते, यात कोणाला नवल वाटत नाही. विम्याच्या दाव्याच्या अर्जावर निदानाचा सांकेतिक क्रमांकही भरावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी ही स्थिती पाश्चात्त्य देशांतील नामांकित रुग्णालयांतही नव्हती. मग हाडवैद्य, तालीम आणि मठ यांच्या आश्रयाने चालणाऱ्या आपल्याकडील उपचारांची गोष्टच नको. त्या काळात आणि त्याच वातावरणात जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण घडत होता.

हाडवैद्याच्या आखाड्यात

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षणासाठी त्यांना अनेक अडचणींतून मार्ग काढावा लागला. बुद्धी मात्र तल्लख होती. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे त्यांनी बडोद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे अरविंद घोष यांच्या विचारांचा प्रभाव होता. महाराष्ट्रातून लोकमान्य टिळकांच्या चळवळीचे वारे वाहत होते. देशाची सेवा करायची आणि त्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहायचे, असा निश्चय गुणे यांनी याच वयात केला.

त्यांच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात. राजरत्न माणिकराव हे तेथील गुरू. लाठी, मल्लखांब, कुस्ती, जोर-बैठका आणि शेकडो मुलांना एका हुकमावर व्यायाम करायला लावणारा संघव्यायाम, या सर्वांत माणिकरावांचा अधिकार मोठा होता. त्याबरोबरच हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती. गुणे यांनी १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले.

आखाडा आणि हाडवैद्य यांचे नाते जुने आहे. जेथे मल्लखांब आणि कुस्ती, तेथे खांद्याच्या दुखापती ठरलेल्याच. खांदा हा शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा. म्हणूनच सर्वांत सहज निखळणाराही. उथळ वाटीत ठेवलेल्या गोळ्याप्रमाणे दंडाच्या हाडाचे डोके खोबणीत बसलेले असते आणि चार स्नायूंच्या कंडरा त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. हात डोक्यावर नेऊन जोराने खेचला, पडताना तळहातावर भार आला, किंवा वर्षानुवर्षे तीच हालचाल केली, तर ही दोरी दुखावते, उसवते, कधी तुटते. सांधा निखळला आहे की कंडरा फाटली आहे, हे अनुभवी हात चाचपून ओळखू पाहत. निखळलेला सांधा जागेवर बसवण्याचे कौशल्यही त्या हातांत होते. परंतु ही विद्या हातातून हातात जाणारी. वर्षभरात किती खांदे आले, किती पूर्ववत झाले आणि किती कायमचे आखडून गेले, याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा आखाड्यांत नव्हती. बरा झालेला मल्ल गुरूची कीर्ती सांगत फिरे. न बरा झालेला पुन्हा आखाड्याकडे फिरकत नसे. कीर्ती वाढत जाई आणि ज्ञान होते तेथेच राही.

पदवी मिळवल्यावर गुणे शिक्षणकार्यात उतरले. अमळनेर येथे खानदेश शिक्षण मंडळाच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ मध्ये प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीचा संशय असलेले हे महाविद्यालय ब्रिटिश सरकारने १९२० मध्ये बंद पाडले. त्याआधी, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना दुसरे गुरू भेटले होते. परमहंस माधवदास हे मूळचे बंगालचे. मुंबईजवळ १९१८ मध्ये ‘योग इन्स्टिट्यूट’ स्थापन करणारे श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. माणिकरावांकडे गुणे यांना शरीर कमावण्याची विद्या मिळाली होती; माधवदासांकडे त्यांना हठयोगाच्या शुद्धिक्रिया, प्राणायाम आणि ध्यान यांचा प्रत्यक्ष अभ्यास मिळाला. १९२१ मध्ये माधवदासांचे निधन झाले. गुरुसहवास अवघ्या दोन-तीन वर्षांचा, पण शिष्याचे पुढील संपूर्ण आयुष्य त्याने व्यापले.

पाऱ्याची साक्ष

गुरूवर श्रद्धा होती, तरी गुणे यांच्या मनात एक शंका घर करून होती. या क्रियांचा शरीरावर परिणाम होतो, असे सारे सांगतात. पण तो होतो कसा? हठयोगाच्या ग्रंथांतील वायू, नाडी, चक्र ही भाषा डॉक्टरांना अमान्य होती आणि डॉक्टरांची भाषा योग्यांना परकी होती. दोघांना एकाच टेबलाभोवती आणायचे तर दोघांना दिसेल असा पुरावा हवा. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत काही विद्यार्थ्यांच्या मदतीने उड्डियान बंध आणि नौली यांची क्ष-किरणांखाली तपासणी केली. श्वास सोडून पोट आत खेचल्यावर श्वासपटल किती वर जाते, आतड्यांची जागा कशी बदलते, हे प्रथमच डोळ्यांना दिसले. हाती आलेल्या निष्कर्षांनी त्यांची खात्री पटली आणि आयुष्याची दिशा ठरली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये विजयादशमीच्या मुहूर्तावर लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली. जागेची निवड सोयीची होती. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून रेल्वेने येथे येता येई; हवा थंड, वस्ती विरळ. बोरघाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग गेल्यापासून मुंबईकर हवापालटासाठी येथे येतच होते. वळवणच्या तलावाचे पाणी खोपोलीच्या वीजकेंद्राकडे जाऊ लागले होते. डोंगर, आश्रम आणि यंत्र यांचे वावडे नसलेला हा परिसर योगाच्या प्रयोगशाळेला साजेसाच म्हटला पाहिजे.

गुणे आता कुवलयानंद झाले होते. अप्पय्य दीक्षितांच्या अलंकारशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथाचे नावही ‘कुवलयानंद’ असल्याने संस्कृतच्या अभ्यासकांना हे नाव परिचयाचे. मात्र या कुवलयानंदांच्या लेखनात अलंकार शोधूनही सापडत नाहीत. संस्थेबरोबरच सुरू झालेल्या ‘योग-मीमांसा’ या इंग्रजी त्रैमासिकाचे त्यांनी शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि सर्वसामान्य वाचकांसाठीचा असे विभाग पाडले. प्रयोगातून काय मोजले आणि सामान्य माणसाने काय करावे, हे दोन विषय त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. आरोग्यावर लिहिणाऱ्या कित्येकांना आजही ही सीमारेषा पाळणे जमत नाही.

‘योग-मीमांसा’च्या सुरुवातीच्या अंकांतील सर्वांत गाजलेला प्रयोग नौलीचा. हठयोगातील बस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून, कोणत्याही पंपाविना, गुदद्वारावाटे पाणी आत खेचून घेतो. जुन्या भाषेत याचे स्पष्टीकरण अपानवायूच्या आधारे दिले जाई. शंकेखोर मंडळी त्याला हातचलाखी समजत. कुवलयानंदांनी साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली. साधकाने पोटाचे मधले स्नायू आवळून नौली काढली आणि पारा सरकला. आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झाला होता. म्हणजे आत पोकळी निर्माण होत होती आणि पाणी त्या पोकळीत ओढले जात होते. चमत्कारही नव्हता आणि हातचलाखीही नव्हती. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. गुरुदक्षिणेचा असा प्रकार विरळाच.

रक्तदाबाची मापेही घेतली गेली. शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन यांच्या वेळी दाब किती चढतो, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. आसने शिकवणाऱ्याच्या हातून एखाद्याला अपाय होऊ नये, यासाठी त्याचे उत्तर हवे होते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आसने’ या पुस्तकात त्यांनी प्रत्येक आसनाच्या कृतीइतकेच महत्त्व सावधगिरीच्या सूचनांना दिले. कान वाहणाऱ्यांनी, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या असणाऱ्यांनी, हृदय कमजोर असणाऱ्यांनी काय टाळावे, हे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. योगाने सर्वांचे सर्व रोग जातात, अशी घाऊक ग्वाही त्यांनी दिली नाही.

स्वतःच्या पक्षाला गैरसोयीचे ठरणारे निष्कर्षही त्यांनी छापले. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही लोकप्रिय होती आणि आजही आहे. कुवलयानंदांनी ‘प्राणायाम’ या पुस्तकात ती खोडून काढली. प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नसून छाती-पोटातील दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले पाहिजे, असे त्यांचे मत होते. काही वर्षांनी त्यांच्याच आश्रमात राहून अभ्यास केलेले, अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मूळ भारतीय मानसशास्त्रज्ञ के. टी. बेहनन यांना उज्जायी प्राणायामात प्राणवायूचा वापर वाढल्याचे आढळले. बेहनन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत कामगिरी घसरल्याचेही नोंदवले. आश्रमाच्या दृष्टीने हे फारसे सुखावह नव्हते. परंतु वाद आता आकड्यांचा होता, श्रद्धेचा नव्हता; आणि कुवलयानंदांना नेमके तेच हवे होते.

बोस्टनचा समकालीन

नोंदीचा हा आग्रह धरणारे त्या काळात जगात फार थोडे होते. त्यांतील एकाचे आयुष्य तर खांद्याच्या कंडरांशीच निगडित आहे. अर्नेस्ट कॉडमन हे अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक, कुवलयानंदांपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. खांद्याची तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवल्याचे त्यांचे टिपण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये त्यांनी लिहिलेला खांद्यावरील ग्रंथ अस्थिशल्यशास्त्रात आजही आदराने उल्लेखिला जातो.

कॉडमन यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवावे. तक्रार कोणती, निदान काय केले, उपचार कोणता दिला, हे त्यावर लिहावे आणि नंतर रुग्णाला पुन्हा बोलावून शेवटी काय झाले, तेही नोंदवावे. गुण आला नसेल तर चूक कोठे झाली, हे लिहावे. एवढ्या मागणीने बोस्टनच्या वैद्यकीय वर्तुळात खळबळ उडाली. डॉक्टरांची पत ज्येष्ठतेवर ठरण्याऐवजी परिणामांवर ठरू लागली असती. कॉडमन यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापून टाकला आणि त्यात १२३ चुकांची कबुली दिली. या सचोटीची किंमत त्यांना उत्पन्न आणि मैत्री गमावून मोजावी लागली.

बोस्टनचा शल्यविशारद आणि लोणावळ्याचा ब्रह्मचारी यांची क्षेत्रे पूर्णपणे वेगळी. एकाला आपल्या व्यवसायातील प्रतिष्ठितांशी झगडावे लागले. दुसऱ्यापुढे आव्हान दुहेरी होते. योगविद्या गुप्त ठेवावी, असे मानणाऱ्यांना ही उपकरणे पटत नव्हती. आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना योग म्हणजे गारुड्याचा खेळ वाटत होता. एक फरक मात्र कुवलयानंदांच्या बाजूने सांगता येत नाही. कॉडमन यांनी फसलेल्या रुग्णांचाही हिशेब दिला. लोणावळ्याच्या आरंभीच्या प्रयोगांत भर होता तो निरोगी, तयारीच्या साधकांवर. प्रयोगाला बसणाऱ्यांची संख्या थोडी असे आणि तुलनेसाठी दुसरा गट नसे. आजच्या निकषांवर ते प्रयोग प्राथमिक ठरतील. शंभर वर्षांपूर्वी, एका लहान गावात, देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने ते केले, हे लक्षात घेऊनच त्यांचे मोल ठरवावे लागते.

रुग्णांची रीघ

संस्थेचे नाव होऊ लागले तसे राष्ट्रीय नेत्यांचे लक्ष तिकडे गेले. पंडित मोतीलाल नेहरू आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्याशी कुवलयानंदांचा संबंध आला. १९२७ मध्ये प्रकृती बिघडल्याने महात्मा गांधी म्हैसूर संस्थानात विश्रांती घेत होते. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. आहार, विश्रांती, आसने यांबाबत गांधीजी सल्ला विचारत आणि त्याचा अनुभव कळवत. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून त्याची बारीक नोंद ठेवणे गांधीजींच्या स्वभावातच होते. त्यामुळे वैद्य आणि रुग्ण येथे एकाच पठडीतले भेटले, असे म्हणता येईल.

मुंबईत १९३२ मध्ये सांताक्रूझ येथे कैवल्यधामचे केंद्र सुरू झाले आणि १९३६ मध्ये ते मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या योगिक आरोग्य केंद्रात गेले. बद्धकोष्ठ, दमा, मधुमेह, निद्रानाश अशा जुनाट तक्रारी घेऊन शहरी माणूस समुद्रकिनाऱ्यावरील या इमारतीत येऊ लागला. प्रथम तपासणी, मग आसनांची निवड, असा क्रम होता. एकच आसनमाला सर्वांना देण्याला कुवलयानंदांचा विरोध होता. शाळांमधील शारीरिक शिक्षणातही त्यांनी लक्ष घातले. मुंबई सरकारच्या समित्यांवर काम केले, शिक्षकांचे वर्ग घेतले. माणिकरावांच्या आखाड्यातील संघव्यायामाचा संस्कार येथे उपयोगी पडला. लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले.

परदेशी संशोधकांची ये-जाही चालू राहिली. १९५७ मध्ये अमेरिकेतील वेंगर आणि बागची या संशोधकांनी भारतात ठिकठिकाणी फिरून योगाभ्यासींची तपासणी केली. लोणावळ्याचाही त्यात समावेश होता. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांना त्यांनी हृदयाचा विद्युत आलेख काढणारे यंत्र लावले. मनगटाची नाडी लागेनाशी होते, स्टेथोस्कोपमधून ठोका ऐकू येत नाही. पण आलेखावर हृदय चालूच असल्याचे दिसले. छातीतील दाब वाढवल्याने हा परिणाम होतो, असे त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. चमत्काराचा दावा फोल ठरला आणि शरीरावरील असामान्य ताब्याची नोंद मात्र पक्की झाली. पाऱ्याच्या दाबमापकाने १९२४ मध्ये दिलेला धडा येथे यंत्र बदलून पुन्हा गिरवला गेला.

निदान, नाव आणि क्रमांक

साठीच्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता योगिक रुग्णालय उभे राहिले. तेव्हा कुवलयानंद सत्तरी ओलांडून गेले होते. प्रयोगशाळेतील साधकाकडून रुग्णालयातील रुग्णाकडे, हा प्रवास त्यांच्या दृष्टीने स्वाभाविक होता. पण त्याने नवी जबाबदारी आणली. साधकाच्या बाबतीत दाब मोजला की काम भागते. रुग्णाच्या बाबतीत आधी रोगाचे नाव ठरवावे लागते, आणि ते डॉक्टर, योगशिक्षक व सरकार या सर्वांना सारखेच कळावे लागते. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘योगिक थेरपी’ हे पुस्तक १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. योग्य मनोवृत्ती, स्नायू व ग्रंथींच्या कार्याची नव्याने घडी बसवणे, तसेच आहार आणि मलशुद्धी, अशा तीन आधारांवर त्यांनी उपचाराची मांडणी केली. सरकारी प्रकाशनाचा शिक्का मिळाल्याने आश्रमाच्या कुंपणाबाहेर योगोपचाराला अधिकृत दरवाजा उघडला.

रोगांना सर्वत्र एकच नाव असावे, हा प्रयत्न जगात आधीच सुरू झाला होता. फ्रान्सचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्टियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूंच्या कारणांची यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेतली आणि मृत्यूबरोबरच आजारांनाही वर्गवारीत स्थान दिले. खांद्याच्या कंडरांचे उदाहरण घेतले तर या वर्गवारीचे मर्म कळते. दहाव्या आवृत्तीत झिजेने वा अतिवापराने खांद्याच्या कंडरांना आलेले दुखणे ‘एम ७५.१’ या क्रमांकाखाली येते. पडल्याने, ओढ बसल्याने झालेली इजा ‘एस ४६.०’ मध्ये जाते. आखडलेल्या खांद्याचा क्रमांक तिसराच, ‘एम ७५.०’. तिघांनाही हात वर नेता येत नाही आणि तिघेही तक्रार एकाच शब्दांत सांगतात. आयुर्वेद ज्याला अवबाहुक म्हणतो, त्याचे वर्णनही याच तक्रारीच्या जवळचे. फरक पडतो तो डॉक्टरने काय लिहिले त्यावर. दुखणे केव्हा सुरू झाले, मार लागला होता काय, उजवा खांदा की डावा, कंडरा अर्धी फाटली की पूर्ण, सोनोग्राफी वा एमआरआयमध्ये काय दिसले, हे केसपेपरवर नसेल तर क्रमांक देणारा कर्मचारी अंदाजच करणार. नुसते खांदा दुखतो एवढे लिहिले तर रुग्णाच्या दाव्याला अडचण येते आणि पुढे आकडेवारी काढणाऱ्याला तो रुग्ण दिसतच नाही.

योगोपचारासाठी हा मुद्दा अधिकच बोचरा आहे. एखाद्याचा खांदा आसनांनी सुटला, अशी हकीकत ऐकायला मिळते. पण तो खांदा कोणत्या प्रकारचा होता, हे ठाऊक नसेल तर त्या हकिकतीचा दुसऱ्या रुग्णाला उपयोग नाही. आखडलेला खांदा अनेकदा काळानुसार आपोआपही सैल होत जातो. पूर्ण तुटलेली कंडरा मात्र व्यायामाने सांधली जात नाही. भोवतालचे स्नायू बळकट होऊन हालचाल सुधारू शकते, एवढेच. चुकीच्या रुग्णाला हातावर भार टाकणारे आसन दिले तर दुखणे वाढते. आधी तपासणी आणि मग आसन, हा कुवलयानंदांचा क्रम येथे अगदी व्यवहारी ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये वर्गवारीच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील विकारांचा स्वतंत्र विभाग जाहीर केला. योग ही रोगांची नावे ठेवणारी पद्धती नसल्याने त्याची जागा उपचारांच्या यादीत असणार. उपचारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पारंपरिक वैद्यकाचा विभाग करण्यासाठी संघटना आणि केंद्रीय आयुष मंत्रालय यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. पंचकर्म, योगोपचार यांना त्यात सांकेतिक क्रमांक मिळावेत, हा त्यामागील हेतू. लोणावळ्यात कोणी तरी पाऱ्याची नळी जोडून नौलीचा दाब लिहून ठेवला, त्याला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.

क्रमांकाच्या आधी शब्द पक्के व्हावे लागतात, हे कुवलयानंदांमधील संस्कृतज्ञाने ओळखले होते. एकाच आसनाला वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळी नावे, आणि एका नावाखाली वेगवेगळ्या कृती, अशी हठयोगाची स्थिती होती. म्हणून प्रयोगशाळेच्या जोडीला त्यांनी वाङ्मयीन संशोधनाचा विभाग चालवला. हस्तलिखिते जमवून, पाठभेद ताडून पाहून जुन्या ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या काढण्याचे काम तेथे होई. एस. ए. शुक्ल यांच्यासह त्यांनी संपादित केलेले ‘गोरक्षशतक’ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आहे. जगाला उद्देशून लिहायचे तर त्याला पर्याय नव्हता, हे मान्य केले तरी त्याचा एक परिणाम झाला. परदेशातील संशोधकांना लोणावळ्याचा पत्ता ठाऊक होता आणि घाटावरून रोज ये-जा करणाऱ्या मराठी माणसाला मात्र रस्त्यालगतच्या त्या फाटकामागे काय चालते, याची फारशी कल्पना नसे.

स्वामी कुवलयानंद यांचे १८ एप्रिल १९६६ रोजी निधन झाले. संस्थेची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांच्याकडे आली. योगशास्त्रातील संज्ञांचा अर्थ मूळ ग्रंथांच्या आधारे निश्चित करणाऱ्या ‘योगकोशा’चा पहिला खंड कैवल्यधामने १९७२ मध्ये प्रकाशित केला.